फट्कन मिटणारा फोन: तुमचे अनुभव सांगा

खसचा पडदा

मंडळी, परवा पहाटे सव्वाचारला आमच्या घरात अलार्म वाजला. माझा मोबाइल नव्हता, नवऱ्याचाही नव्हता. आवाज येत होता शोकेसच्या खणातून. तिथे सासूबाईंचा जुना नोकिया २७६०, मिटणारा फ्लिप फोन, पडलेला असतो. आदल्या दिवशी चार्जर सापडला म्हणून लावून पाहिला, फोन सुरू झाला, वेळ-तारीख विचारून घेतली त्याने. मग स्विच ऑफ करून ठेवून दिला. आणि हा बंद फोन आपला आपण उजळून वाजतोय! थांबवला तर वर विचारतो, आता फोन सुरू करायचा का?

सासूबाई कूस न वळवता म्हणाल्या, "नळाचा अलार्म आहे तो." नागपुरातच मानेवाड्याला भाड्याने राहायचो तेव्हा पहाटे नळ यायचा, त्याचा.

आता त्यांना तोच फोन वापरायचा आहे. स्मार्टफोनला ओलं बोट कळत नाही, आणि कणकेच्या हाताने तर विचारूच नका. पण नवीन सिम टाकल्याबरोबर फोन सिक्युरिटी कोड मागतो. सगळ्यांच्या जन्मतारखा टाकून झाल्या. आठवत असेल कुणाला काही तर सांगा, आणि तुमच्या फ्लिप फोनच्या गोष्टीही येऊ द्या. कौतुकच हवं असं नाही, तक्रारीही चालतील.

बर्डीवाला

ताई, आधी १२३४५ टाकून पाहा. कंपनीतून तोच कोड येत होता. अन् धडाधड टाकू नका. पाच वेळा चुकला की फोन पाच मिनिटं काही ऐकतच नाही, बरोबर टाकला तरी नाही. लोकं इथंच हात टेकत.

माझं सीताबर्डीत रिपेरिंगचं टेबल होतं. फ्लिप फोनचं दुखणं ठरलेलं, स्ट्रिप. वरच्या पाल्ल्यातला, म्हणजे झाकणातला, डिस्प्ले अन् खालचा बोर्ड यांना जोडणारी पट्टी बिजागरीतून जाते. दिवसातून शंभरदा उघडमीट केली तर ती कधीतरी तुटणारच नं. गिऱ्हाईक यायचं, "भाऊ, डिस्प्ले पांढरा पडून राहिला." मी फोन अर्धा मिटवून पाहायचो. अर्ध्यात चित्र आलं अन् पूर्ण उघडल्यावर गेलं, म्हणजे स्ट्रिप. तपासायला मशीन नाही लागत.

एक केस मात्र डोकं खाऊन गेली. एक मॅडम तीनदा आल्या, "पर्समधून काढला की स्क्रीन काळा." माझ्या टेबलावर एकदम चांगला चाले. चौथ्यांदा आल्या तं पर्स टेबलावर ठेवली, फोन तिच्यावर, अन् स्क्रीन गेला! पर्सचं बटण चुंबकाचं होतं. फोन मिटला का उघडला हे त्याला पाल्ल्यातल्या लहानशा चुंबकावरून कळते. पर्सचं चुंबक जवळ आलं की त्याला वाटे आपण मिटलेलोच आहो. पैसे कशाचे घेऊ? चहा पाजून गेल्या.

मे महिन्यातली स्कूटी

नागपूरच्या मुलींना वेगळं सांगायला नको. ४५ डिग्रीत तोंडाला ओढणी गुंडाळायची, डोळे तेवढे उघडे, आणि फोन ओढणीत खोचून बोलत बोलत जायचं. (जायचं नसतं, माहीत आहे.) मैत्रिणींचे विटेसारखे फोन मस्त बसायचे. माझा फ्लिप उघडून खोचला की ओढणीचा ताण पाल्ल्यावर यायचा, पाल्ला हळूहळू मिटत यायचा, आणि मिटला की कॉल कट. व्हेरायटी चौकाच्या सिग्नलपर्यंत दोनदा तरी. आई म्हणायची, "सारखी माझ्या तोंडावर फोन आपटते." शेवटी मी गाडी बाजूला घेऊन बोलायला लागले. म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने फोन चांगलाच म्हणायचा.

शेवटचा बाक

माझ्या फोनचं एकच फीचर आठवतं. # दाबून धरलं की सायलेंट. खिशात हात घालून, न बघता. आता सायलेंट करायला आधी फोनकडे बघावं लागतं, आणि बघितलं की सर बघतात.

रिकामटेकडा

मेसेज. बाकी सगळं दुय्यम.

डिक्शनरी चालू ठेवून रोमनमध्ये मराठी लिहिण्याचा जाच ज्याने सोसला त्यालाच कळेल. प्रत्येक कळीवर तीन-चार अक्षरं, तुम्ही एकेकदाच दाबायचं आणि शब्द फोनने ओळखायचा. पण ओळखणार इंग्रजी. 'काय'साठी ५-२-९ दाबलं की पडद्यावर 'लॉ', म्हणजे कायदा. 'आई'साठी २-२-४ दाबलं की 'बॅग'. 'ये'साठी ९-३ की 'वुई'. एकदा घाईत न बघता पाठवलेल्या 'आई ये'चं 'बॅग वुई' झालं. आईने बॅग भरून ठेवली! मी गावाला निघालोय असं वाटलं तिला.

इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं, देवनागरीत ७०. त्यातही मात्रा वेगळी मोजायची. 'नागपूर' आपल्याला चार अक्षरांचं, मेसेजच्या हिशोबात सहा. एक काना, एक ऊकार, दोघांचंही तिकीट. म्हणून आमची पिढी रोमनमध्ये वाढली, वर आम्हालाच नावं ठेवतात मराठी येत नाही म्हणून.

आणि इनबॉक्स भरला की पाकिटाचं चित्र लुकलुकायचं. जुना पुसल्याशिवाय नवा आत येणार नाही. दिवाळीच्या दिवशी ही पंचाईत हमखास व्हायची. त्या दिवशी मेसेज पॅक चालत नसे, प्रत्येकाचे पूर्ण पैसे कापले जात, म्हणून हुशार लोक आदल्या रात्रीच शुभेच्छा उरकायचे. मी रात्री बारापर्यंत बसून काय पुसू नि काय ठेवू करत असे. 'भाजी आण' पुसायचो, 'हो' ठेवायचो. कुणाचा 'हो' ते नाही सांगणार.

कळमन्याचा जावई

कौतुक वाचून राहिलो, पण थोडं उलटंही लिहितो. सासऱ्यांचा संत्र्यांचा धंदा, फ्लिप फोन त्यांनी अजून सोडला नाही. बाजारात हर्राशी, म्हणजे लिलाव, चालू असताना पाल्ला झटक्यात उघडून 'बोल' आणि झटक्यात मिटवून विषय संपला, हे त्यांना फार आवडतं. फोन ठेवायला बटण शोधत बसत नाहीत. हे मान्य.

पण बँकेचा मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसतात. वाचून दाखवायला मी. नंबर सगळे सिममध्ये, तिथे साधारण अडीचशे नावं मावतात आणि नावंही तुटतात. 'काटोलवाले मोठे' आणि 'काटोलवाले लहान' दोन्ही 'काटोलवाले' म्हणून दिसतात. कोणाला लागला ते उचलल्यावर कळते. इंटरनेट नसल्यामुळे पैसे पाठवायला *९९# डायल करायचं. आकडे दाबत मेनूतून जायचं, मध्ये जरा विचार करत बसलं की लाइन तुटते, पुन्हा पहिल्यापासून. २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं, कॉल करून पैसे पाठवता येतात. ते शिकवायला गेलो तर म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच टाका, मी रोख देतो."

ताई, एक पाहून घ्या. सिम जिओचं असेल तर या फोनमध्ये चालणार नाही. त्याला ४जी किंवा ५जी फोन लागतो, हा फोन २जीवाला.

भुईमुगाच्या शेंगा

एफएमसाठी इअरफोनची वायरच अँटेना असायची. माझा इअरफोन दोन्ही कानांनी बहिरा झालेला, तरी दोन वर्षं तसाच खुपसून ठेवला होता, स्पीकरवर रेडिओ ऐकायला. कूलरच्या जाळीला वायर अडकवली की स्टेशन स्वच्छ लागायचं, असं माझं ठाम मत आहे.

खसचा पडदा

सगळ्यांचे आभार. १२३४५ चाललं नाही, म्हणजे बाईंनी बदललेला होता. पाच चुका, पाच मिनिटं, पुन्हा पाच चुका, असा रविवार गेला. जिओचं सिम नाही, ते बरं झालं.

मग एक झालं. त्या पोळ्या लाटत होत्या, मी वैतागून फोन त्यांच्या हातात दिला नि म्हटलं, धरा तुमचं धन. त्यांनी पिठाच्या हाताने पाल्ला उघडला आणि माझ्याशी बोलता बोलता अंगठ्याने टकटक काहीतरी दाबलं. फोन सुरू! "काय दाबलंत?" "काय की." पुन्हा बंद करून दिला, पुन्हा उघडला. आकडा सांगा म्हटलं तर सांगता येत नाही, बोट कुठून कुठे जातं ते हवेत दाखवतात. वरून खाली आणि मग मधलं दोनदा. मी त्यावरून आकडा काढला आणि कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवला आहे.

अलार्म काढून टाकू का विचारलं, तर नको म्हणाल्या. आमच्याकडे आता नळ सहाला येतो.