छोटी जोडी, वर स्ट्रेटचा ड्रॉ (सलग पाच पानांना एक कमी), आणि आधी बोलायचं आपण: काय करावं?

एमएच_१९:
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या गल्लीत झन्नामन्ना या पत्त्यांच्या खेळासोबत आता होल्डेम पोकरही बसतो (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच), नुसत्या चिपांवर, पैसे न लावता. पेच असा: मी बिग ब्लाइंडवर (पानं बघण्याआधी सक्तीने एक ब्लाइंड चिपा घालायची जागा), हातात छक्कीची जोडी. बटणवरून (शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) अडीच ब्लाइंडचा रेज (वाढ), मी कॉल (बरोबरी), बाकीचे बाद. पॉट (मधली रास) छोट्या ब्लाइंडच्या अर्ध्यासकट साडेपाच. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) बदाम सत्ती, किलवर पंजी, इस्पिक चौकी. मी चेक (काही न लावता), समोरून १.८ ची बेट. सुरुवातीला दोघांकडे १०० ब्लाइंड. दहा आउट (हात सुधारणारी पानं) आहेत: स्ट्रेटला चार तिर्र्या, चार अठ्ठ्या आणि सेटला (तीन सारखी पानं) दोन छक्क्या. चेक-रेज (चेक करून मग त्याच्या बेटवर वाढ) मारू की नुसता कॉल?

तापीकाठ:
फोल्ड (पत्ते टाकणं) तर नाहीच भो. १.८ घालून पॉट ९.१ होतो, म्हणजे जिंकायची शक्यता २० टक्के असली तरी पुरते. एक्का-राजा वगैरेंच्या तर तू आत्ताच पुढे आहेस. पण ते दहा आउट नीट तपास. छक्की आली तर तुझा सेट, पण टेबलावर चौकी-पंजी-छक्की-सत्ती. कुणाकडे एक तिर्री किंवा अठ्ठी निघाली की सेट गेला. तिर्रीवर तुझी स्ट्रेट सत्तीपर्यंतच, अठ्ठी-छक्कीवाला आधीपासून पुढे. अठ्ठी आली तर नव्वी-छक्की वरचढ. दोन छक्क्या तुझ्याच हातात असल्याने हे हात कमी येतात, तरी हिशेब आठ आउटचा धर: टर्नवर (चौथं पान) १७ टक्के, रिव्हरपर्यंत (पाचवं पान) साडेएकतीस.

लळिंग:
चेक-रेज समोर कोण बसलंय ते बघून. ७ पर्यंत नेलास तर ७.३ चा पॉट उचलण्यासाठी ७ लावतोयस. ड्रॉ सोडून हिशेब केला तर समोरच्याने ४९ टक्के वेळा पत्ते टाकायला हवेत. ड्रॉ धरला तर थोडं कमी चालतं. झन्नामन्नाची सवय असलेला माणूस पुढचं पान बघितल्याशिवाय उठत नाही, तिथे हा रेज वाया. तिथे कॉलच कर.
रेजवर त्याने ऑल-इन (सगळ्या चिपा आत) केलं तर? ९०.५ आणखी घालायचे, पॉट २००.५, म्हणजे ४५ टक्के हवेत. एक्क्याच्या जोडीपुढे तुझे ४०च्या आत, सेट किंवा तयार स्ट्रेटपुढे त्याहून कमी. फोल्ड.

एमएच_१९:
कॉल केला आणि टर्नवर राणी पडली तर?

लळिंग:
खरं नुकसान तिथेच होतं. पॉट ९.१, समजा तो ६ लावतो. कॉलला २८ टक्के हवेत, आठ आउटवर १७ आहेत. हा खड्डा भरायला रिव्हरवर पान लागल्यावर सरासरी १३ ब्लाइंड आणखी मिळायला हवेत. अठ्ठी पडली की टेबलावर चौकी-पंजी-सत्ती-अठ्ठी, एका छक्कीने स्ट्रेट होते हे सगळ्यांना दिसतं. तू आधी बेट केलीस तर तो टाकतो, चेक केलंस तर तोही चेक मारून पत्ते उघडतो. म्हणून टर्नवर मोठी बेट आली की सोड. छोटी असेल, पॉटच्या पाव हिश्श्याएवढी, तर थांबता येतं.

नंदुरबारकर:
हेच चौकीच्या जोडीने पंजी-छक्की-सत्तीच्या फ्लॉपवर करू नकोस. दिसायला तसाच ड्रॉ, पण तू खालच्या टोकाला. अठ्ठी पडली की कुठलीही नव्वी तुला मारते. तिथे छोटी बेट असेल तर एक कॉल, पुढे काही नाही.
आणि फ्लॉप तिन्ही बदामचा, तुझ्याकडे एकच बदाम छक्की, तर तो फ्लशचा (एकाच चिन्हाची पाच पानं) ड्रॉ मोजूच नकोस. चौथा बदाम आला की बदामचा गुलाम किंवा राणी असलेला तुझ्याकडून चिपा काढतो.