मेंटेनन्स, क्यूआर आणि पिवळे डाग

(दापोलीतल्या एका सोसायटीचा ग्रुप. शनिवार ते रविवार.)

सेक्रेटरी (बी-४), सकाळी ९:०५
सर्व सभासदांना नमस्कार 🙏 येत्या १ तारखेपासून मेंटेनन्स फक्त क्यूआर कोडवर घेतला जाईल. रोख स्वीकारली जाणार नाही. कोड ऑफिसच्या दाराला चिकटवला आहे. थकबाकीदारांनी विशेष दखल घ्यावी.

नाना (ए-१), ९:११
थकबाकीदार कोण ते नावानिशी लिहा. अख्ख्या ग्रुपला कशाला संशयात ठेवता?

प्रकाश (ए-६), ९:२०
[अनेक वेळा फॉरवर्ड केलेला]
जागे व्हा!!! डिजिटल रुपया आला की नोट संपली. एक बटण दाबलं की तुमचे पैसे शून्य. ज्यांनी इराकमध्ये रासायनिक अस्त्रं आहेत म्हणून युद्ध केलं, सीरियात गॅसहल्ल्याची नाटकं रचली, तेच हे लोक. आजवरचा एकही रासायनिक हल्ला खरा नव्हता. दहा ग्रुपवर पाठवा.

नेहा (सी-२, मु. डोंबिवली), ९:२४
मेंटेनन्सवरून सीरियात कसे पोचलो? मी फक्त दळण टाकायला खाली गेले होते.

मंदाताई (ए-२), ९:४०
प्रकाश, तीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढली म्हणून सांगते. तू दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्यास. सेक्रेटरी म्हणतायत ते यूपीआय. त्यात पैसे तुझ्या बँक खात्यातून सोसायटीच्या खात्यात जातात, झालं. डिजिटल रुपया वेगळा. ती रिझर्व्ह बँकेचीच नोट, फक्त कागदाऐवजी मोबाईलच्या वॉलेटात. त्यावर व्याज नाही, जसं पाकिटातल्या नोटेवर नाही. १ डिसेंबर २०२२ पासून चार शहरांत चाचणी सुरू झाली, त्यात मुंबई होती, दापोली नव्हती. मार्च २०२५ अखेर सगळा मिळून हजार कोटींच्या आसपास होता. नोटा ३६ लाख कोटींच्या वर. नोट उद्या संपत नाही.

प्रकाश (ए-६), ९:४४
ताई, पण बटण दाबून बंद करता येतं की नाही? हो की नाही सांगा.

मंदाताई (ए-२), ९:५२
खातं तर आजही गोठवता येतं, त्याला डिजिटल रुपया लागत नाही. पण तुझी शंका अगदीच हवेतली नाही. पैसा ठरावीक कामालाच खर्च करता येईल अशी सोय करून बघायची, असा बेत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केला. खताचे पैसे खतालाच. ऐकायला छान. उद्या कशाला काय लावतील हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो विचारायला सीरिया कशाला?

नाना (ए-१), १०:०१
सरकारी सांगण्यावर मी नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीपासून विश्वास ठेवत नाही. काळा पैसा बाहेर काढतो म्हणाले. रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात पुढे आलं की ९९.३ टक्के नोटा परत जमा झाल्या. काळा कुठे गेला मग? आमच्या आंब्याच्या झाडाखाली तर नाही. मी मात्र हजाराच्या दोन नोटा घेऊन रांगेत उभा होतो, गुडघा धरून.

सेक्रेटरी (बी-४), १०:१५
कृपया विषयावर या. मी क्यूआर का लावला ते ऐका. गेल्या महिन्यात ३८,००० रोख घेऊन मी एकटा रिक्षाने बँकेत गेलो. त्यात ५०० ची एक खोटी निघाली, बँकेने ठेवून घेतली, भरपाई माझ्या खिशातून. एक सभासद म्हणतात, "मी तुमच्या मुलाच्या हातात दिले." मुलगा आठ वर्षांचा आहे.

नाना (ए-१), १०:१६
मी दिले होते. हुशार आहे मुलगा.

यशवंत वॉचमन, १०:३०
निसर्ग वादळाच्या वेळी आमच्याकडं २२ दिवस लाईट नव्हती. टॉवर आडवा झालेला. एटीएमचं शटर वाकलेलं. तेव्हा क्यूआर असता तर कुठं दाखवला असता सायेब?

नेहा (सी-२, मु. डोंबिवली), १०:३४
अगदी. ३ जून २०२०. आठ दिवस आईचा आवाज ऐकला नव्हता मी. आई बरणीतल्या नाण्यांवर मेणबत्त्या आणि पत्रे ठोकायचे खिळे घेत होती. दुकानदार वहीत लिहून द्यायचा, पण पत्रेवाला म्हणाला, आधी पैसे मोजा.

सेक्रेटरी (बी-४), १०:४१
आणि चिपळूणचा पूर? २२ जुलै २०२१. एसटीचे आगार व्यवस्थापक नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले होते, सगळा डेपो पाण्यात. रोख म्हणजे ती कोणीतरी डोक्यावर घेऊन बसायची. ते कोणीतरी दर महिन्याला मी असतो.

अस्लमभाई (बी-१), ११:२०
मी १९९० साली कुवेतला होतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि मी ते पुन्हा सांगणार आहे.
२ ऑगस्टला इराकी रणगाडे आले. शेठने हिशेब केला, दिनार लिफाफ्यात घालून दिले. मी ते पँटच्या नेफ्यात शिवले. बगदादमार्गे अम्मानपर्यंत बस, मग वाळवंटातल्या तंबूत दिवस, मग एअर इंडियाचं विमान. अम्मानला एका माणसाकडे पाण्याच्या बाटलीसाठी नोट पुढे केली. त्याने उलटसुलट बघून परत दिली. हसला पण नाही. महिन्यापूर्वी त्या एका नोटेत आमचं घर आठवडाभर जेवलं असतं. पुढे इराकने कुवेती दिनारच बंद केला. मार्च १९९१ मध्ये कुवेतने नवीन नोटा काढल्या, जुन्या बाद. एक माझ्या कपाटात आहे, बघायला या.
प्रकाशभाऊ, रोख हातात असली म्हणजे आपली, असंही काही नाही.

प्रकाश (ए-६), ११:२५
चाचा, तुम्हीच सांगा मग. इराकमध्ये रासायनिक अस्त्रं होती का? नव्हती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेलसाहेब, त्यांनी २००३ मध्ये इराककडे अस्त्रं आहेत म्हणत युनोत बाटली दाखवली. नंतर त्यांच्याच तपास पथकाला साठे सापडले नाहीत. मेसेज खराच निघाला ना?

अस्लमभाई (बी-१), ११:४८
२००३ ला नव्हती. १९८८ ला होती. १६ मार्च, हलब्जा. कुर्दांचं शहर. मस्टर्ड गॅस आणि नर्व्ह गॅस, पाच हजारांपर्यंत माणसं गेली. तेव्हा सद्दाम इराणशी लढत होता म्हणून अमेरिकेचा लाडका. त्यांच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं, इराणनेही गोळे टाकल्याची चिन्हं आहेत. दोन वर्षांनी सद्दाम कुवेतमध्ये शिरला, तेव्हा तेच हलब्जा सद्दामच्या नावावर पक्कं झालं. मेलेली माणसं तीच. सांगणाऱ्याची गरज बदलली.
आणि कुवेतबद्दल सांगतो. इराकी सैनिकांनी इस्पितळात उबेच्या पेट्यांतून बाळं काढून जमिनीवर टाकली, असं एक मुलगी ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेत रडून सांगत होती. ती कुवेतच्या राजदूताची मुलगी निघाली. ती कहाणी खोटी. पण इराक्यांनी शहर लुटलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एक खोटी निघाली म्हणून बाकीचं कसं पुसू?

प्रकाश (ए-६), ११:५५
ठीक. हलब्जा सोडा. सीरिया?

आदित्य (ए-६, प्रकाश यांचा पुतण्या), दुपारी १२:१०
काका, तुमच्या बाजूचा एक चांगला मुद्दा मी देतो, तुम्ही फॉरवर्ड नका करू. हेगची रासायनिक अस्त्रांवर लक्ष ठेवणारी संस्था आहे, ओपीसीडब्ल्यू. तिचे प्रमुख बुस्तानी यांना एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेने जोर लावून काढलं. ते इराकला रासायनिक अस्त्रबंदीच्या करारात आणायच्या खटपटीत होते. म्हणजे संस्था दबावाखाली येऊ शकते, हे खरं.
आता सीरियातल्या दौमाचा गॅसहल्ला, ७ एप्रिल २०१८. संस्थेच्याच तपासनिसांचे मतभेद बाहेर फुटले. गॅसचे सिलिंडर वरून पडले की कोणी आणून ठेवले यावर. तेही खरं. ते आधीच मोकळेपणाने मांडलं असतं तर इतकं संशयाचं पीक आलं नसतं.

प्रकाश (ए-६), १२:१२
बघा!!

आदित्य (ए-६), १२:१९
थांबा ना. दौमावरचा त्याच संस्थेचा २७ जानेवारी २०२३ चा अहवाल वाचा. सीरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने दोन सिलिंडर टाकले, ४३ माणसं मेली, असं मानायला रास्त आधार आहे, असं त्यात आहे. दमास्कसजवळच्या घूताचं, २१ ऑगस्ट २०१३ चं: युनोच्या पथकाने सरीन हा नर्व्ह गॅस होता हे पक्कं केलं, पण कोणी सोडलं हे सांगायचं काम त्यांना दिलंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी त्या रिकाम्या जागेत आपापलं भरलं. मग त्याच वर्षी सीरियाने करारात येऊन सुमारे १,३०० टन रसायनं जाहीर केली. नाटकासाठी एवढं कोण साठवून ठेवतं?

नाना (ए-१), १२:३०
दुसऱ्यांचं कशाला. आपणही १९९२ साली पाकिस्तानबरोबर लिहून दिलं की आमच्याकडे असली अस्त्रं नाहीत. ९७ मध्ये हजार टनांवर मस्टर्ड जाहीर केलं. २००९ पर्यंत नष्टही केलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. सरकार खोटं बोलतं यात मला नवल नाही. माझं प्रकाशला एवढंच म्हणणं, सरकारला जेवढं उलटसुलट करून बघतोस तेवढं त्या "दहा ग्रुपवर पाठवा"वाल्याला बघ.

सेक्रेटरी (बी-४), १२:३१
मेंटेनन्स????

रविवार

प्रकाश (ए-६), सकाळी ७:४८
[फोटो]
तातडीचं. माझी पांढरी गाडी बघा. बॉनेटभर पिवळे थेंब. वाळत घातलेल्या चादरीवरही. काल संध्याकाळी नव्हते. वर ढग नाही. कोणीतरी हवेत काहीतरी सोडलंय. मुलांना बाहेर सोडू नका.

नेहा (सी-२, मु. डोंबिवली), ७:५५
अरे देवा. आईला खिडक्या लावायला सांगते.

प्रकाश (ए-६), ७:५७
नमुना बरणीत भरून ठेवलाय. हात लागला तर धुवा. त्या बाजूच्या कारखान्यांचं काहीतरी असणार.

लेलेसर (सी-३), ८:२०
प्रकाशराव, बरणी घेऊन या. चहा टाकलाय. येताना बोट लावून बघा, काही होत नाही.

लेलेसर (सी-३), ९:०५
सर्वांसाठी. थेंब मुगाच्या डाळीएवढे, हळद कालवल्यासारखे, लांबट, एका बाजूला शेपटी. पाणी लावलं की विरघळतात. कीटकशास्त्राच्या खोलीतलं जुनं सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे, त्याखाली ठेवले. परागकण आहेत, पुष्कळसे आतून रिकामे, नुसती टरफलं. हे मधमाशांचं शौच आहे. आग्या माशा थव्याने उडतात आणि उडता उडताच मोकळ्या होतात. आता फुलोरा आहे, पोळं जवळच असणार.

नाना (ए-१), ९:०७
म्हणजे रासायनिक हल्ला खराच. करणारे फक्त वेगळे.

लेलेसर (सी-३), ९:३०
नाना, तुम्ही हसताय, पण यावरून जगात खरंच आरोप झाला होता. काल तुमचं सगळं वाचत होतो, टंकायचा कंटाळा म्हणून गप्प बसलो. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी जाहीर केलं की लाओस, कंबोडियात सोव्हिएत बाजू बुरशीचं विष फवारते आहे. पुरावा काय, तर पानांवरचे पिवळे ठिपके. "पिवळा पाऊस" हे नाव पडलं. ब्रिटनमध्ये नमुने तपासले तर त्यात परागकण. हार्वर्डचे मेसेलसन म्हणून जीवशास्त्रज्ञ, त्यांनी बघितलं की परागकणांतलं प्रथिन पचून गेलंय, म्हणजे माशीच्या पोटातून आलेले. मग ते थायलंडच्या जंगलात गेले, आणि पोळ्यांखाली उभे असताना त्यांच्याच अंगावर पिवळा पाऊस पडला. चीनमध्येही १९७६ ला लोक असेच घाबरले होते आणि तिथल्या संशोधकांनी हेच उत्तर काढलं होतं. ते कोणी वाचलं नव्हतं.

आदित्य (ए-६), ९:३६
मग अमेरिकेने आरोप मागे घेतला?

लेलेसर (सी-३), ९:४१
रीतसर कधीच नाही. मात्र एक लक्षात ठेवा. लाओसमधले हमोंग जमातीचे लोक खरोखर मरत होते, युद्धच चाललं होतं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. ठिपक्यांचा अर्थ चुकला. मेसेलसन यांनी सरकार खोटारडं आहे असं म्हणून काम थांबवलं नाही, पान मागितलं आणि काचेखाली घातलं. प्रकाशरावांनी आज बरणी भरली ती मला आवडली. कालच्या मेसेजला बरणी नव्हती.

प्रकाश (ए-६), ९:५०
सर, चहा चांगला होता. ती चादर मात्र वाया गेली.

मंदाताई (ए-२), ९:५२
कोमट पाणी आणि साबणाचा चुरा. उन्हात घाल.

मंदाताई (ए-२), १०:१०
आता मेंटेनन्स. सेक्रेटरी, रोख घेणार नाही असा ठराव वार्षिक सभेत झालाय का? नसेल तर दारावर कागद चिकटवून होत नाही. दोन्ही ठेवा. रोख घ्यायची ती महिन्यातून दोन दिवस, ऑफिसात, छापील पावती पुस्तकावर, दोन सह्या. नोटा तपासायला मी येऊन बसते. बँकेत न्यायला यशवंतला बरोबर घ्या. मुलाच्या हातात कोणी देऊ नका. नाना, वाचलंत ना?

नाना (ए-१), १०:१२
वाचलं. मुलाला खाऊचे दहा रुपये दिले होते ते वजा करा.

सेक्रेटरी (बी-४), १०:२०
मान्य. ५ आणि ६ तारीख, ऑफिसमध्ये, ५ ते ७. सुटे आणावेत.

अस्लमभाई (बी-१), १०:२२
कुवेती दिनार चालेल का?

यशवंत वॉचमन, १०:४०
[फोटो]
पोळं गावलं. बी विंगच्या टाकीखाली, परातीएवढं. बरोबर ऑफिसच्या दारावर. माशा खवळल्यात, कोणी क्यूआर बघाया जाऊ नका.