गोऱ्याने काढलाय, म्हणून जाळायचा?

जुना प्रेक्षक

रविवारी आमच्या फिल्म क्लबात आफ्रिकेवरचे तीन जुने लघुमाहितीपट दाखवले. सोमवारी सकाळी 'तिरकस' यांचा धागा हजर. आफ्रिकनांनी स्वतः काढलेलं तेवढंच बघावं, गोऱ्यांनी काढलेलं सगळं प्राणिसंग्रहालय, फ्रेंच दिग्दर्शक झाँ रूशची रिळं तर जाळून टाकावीत. खाली +१ चा पाऊस. तिथे दोन ओळी लिहायला बसलो आणि चहा दोनदा गार झाला, म्हणून हा वेगळा धागा.

तिरकसराव, पहिलं म्हणजे रूशचा 'ले मेत्र फू' तुम्ही अर्ध्यावर सोडलात. मी मागच्याच रांगेत होतो. विधीत कुत्रा मारून खायची वेळ आली आणि तुम्ही चपला शोधायला लागलात. त्यामुळे पुढचं तुम्ही पाहिलेलं नाही आणि लिहिलंय मात्र पूर्ण पाहिल्यासारखं.

आजच्या घानातलं अक्रा शहर, १९५४, इंग्रजांचं राज्य. नायजरकडून पोटासाठी आलेले मजूर सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर जमतात आणि त्यांच्या अंगात येतं. अंगात कोण येतं? देव नाही, देवी नाही. गव्हर्नर येतो, आगगाडीचा ड्रायव्हर येतो, डॉक्टरची बायको येते. म्हणजे साहेबाची अख्खी उतरंड. गव्हर्नरच्या पुतळ्याच्या डोक्यावर अंडं फोडतात, पांढरं-पिवळं खाली ओघळतं, आणि लगेच रूश आपल्याला खऱ्या गव्हर्नरच्या टोपीवरचा पिसांचा तुरा दाखवतो. इंग्रजांनी यावर बंदी घातली ती काय कुत्र्याच्या दयेने? साहेबाला जे झोंबलं ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

दुसरं. तुम्ही डोक्यावर घेतलेला 'आफ्रिक स्युर सेन', १९५५ चा, एकवीस मिनिटांचा. पोलँ सुमानू व्हिएरा हा आफ्रिकन दिग्दर्शक आणि त्याच्या मित्रांनी काढला, कबूल. पण तो ज्या मानववंशशास्त्रीय चित्रपट समितीच्या आश्रयाखाली झाला, तिथला प्रमुख माणूस कोण? हाच रूश. मग अर्धं रीळ जाळायचं का?

आणि तिसरा, आफ्रिकन मूर्तींवरचा, मार्कर आणि रेने या फ्रेंच दिग्दर्शकांचा. गोऱ्यांनीच काढला आणि गोऱ्या सरकारनेच त्याचा उत्तरार्ध वर्षानुवर्षं डांबून ठेवला, कारण संग्रहालयातल्या मूर्तींवरून गाडी थेट वसाहतीच्या कारभारावर येते. त्याबद्दल तुमच्या धाग्यात एक अक्षर नाही.

तिरकस

काका, मी कुत्र्यामुळे उठलो नाही. (बरं, थोडं कुत्र्यामुळेही.) उठलो तो आवाजामुळे. अर्धा तास एकटा रूश बोलतोय. ज्याच्या तोंडाला फेस आलाय त्याला एक वाक्य नाही. तो काय करतोय, का करतोय, त्याला काय वाटतंय, सगळं साहेब सांगणार. तुम्हाला सवय असेल. तुमच्या पिढीने थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं मुकाट पाहिलीत: 'हे आहेत आपले आदिवासी बांधव, हे निसर्गाच्या सान्निध्यात आनंदाने नाचतात.' तोच भारदस्त आवाज, फक्त फ्रेंचमध्ये.

अन् आश्रयाचं म्हणाल तर व्हिएराने पॅरिसमध्ये का शूटिंग केलं ते सांगायला विसरलात. हौस होती म्हणून? १९३४ च्या लाव्हाल हुकुमानुसार फ्रेंच वसाहतीत कॅमेरा लावायला सरकारी परवाना लागायचा. व्हिएरा पॅरिसच्या फिल्म शाळेत शिकलेला पहिला आफ्रिकन, आणि त्यालाच आफ्रिकेत शूटिंग करता येईना. म्हणून त्याने लॅटिन क्वार्टरमधले कॅफे आणि विद्यार्थी दाखवले. किल्ली ज्याच्या खिशात, त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. त्याला तुम्ही आश्रय म्हणता, मी लाचारी म्हणतो, आणि ती व्हिएराची नव्हे.

जाळायचं म्हणालो त्यात नवीन काही नाही. पहिल्या खेळानंतर मार्सेल ग्रिओलनेच ती रिळं नष्ट करा म्हणून सांगितलं होतं. तो रूशचा गुरू. आणि १९६५ मध्ये सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेंबेन रूशच्या तोंडावर म्हणाला होता की तुम्ही आमच्याकडे किडे असल्यासारखे बघता. तो माझ्यासारखा चपला शोधणारा नव्हता ना?

टेमावाला

मी घानात सहा वर्षं काढली, टेमा बंदराच्या कामावर. मला दोघांचंही पटत नाही. रूश मेला, त्याचं सोडा. आज काय चाललंय ते बघा.

अक्राच्या किनाऱ्याला तेशी म्हणून भाग आहे. तिथले सुतार माशाच्या, बसच्या, कोकोच्या शेंगेच्या आकाराच्या शवपेट्या करतात. कोळ्याला मासा, ड्रायव्हरला बस. सुंदर काम. पण जो कॅमेरा उतरतो तो थेट तिकडेच. माझ्या शेजारचा एक सुतार दारं-खिडक्या करायचा. त्याच्याकडे एक युरोपियन टोळकं आलं, विचारलं, शवपेटी? तो म्हणाला, नाही, दार. लगेच पाठ फिरवली. नंतर मला म्हणाला, "या लोकांना वाटतं आम्ही फक्त मरतो. घरात शिरायला दार लागतं हे कोणी सांगितलेलं नाही त्यांना."

आणि आता ते कॅमेरे सगळे गोरेच असतात असंही नाही. लागोसहून, लंडनहून आलेली आफ्रिकन मुलंही आधी शवपेटीच मागतात. महोत्सवाला तेच चालतं.

जुना प्रेक्षक

टेमावाला, हेच! हेच म्हणतोय मी. कातडी बघून काही ठरत नाही.

तिरकस

एका सुताराच्या दारावरून वसाहतवाद माफ. वा.

डेसिबल

मी ध्वनिमुद्रण करते, घर बेळगावला. काही वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या हल्याळ तालुक्यात सिद्दींवरच्या, म्हणजे तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवरच्या, दहा मिनिटांच्या माहितीपटाला गेले होते. दिग्दर्शक आपलाच, मराठी. आफ्रिकन डायस्पोरा हा शब्द दर तिसऱ्या वाक्याला.

भातकापणीचे दिवस, माणसं शेतात. याला दमाम ढोल हवा, नाच हवा, आणि संध्याकाळच्या उन्हात कुरळे केस हवेत. नाच सणाला असतो, म्हणाले. हा म्हणे, थोडासाच करा. शेवटी चार पोरांना पैसे देऊन नाचवलं.

इकडे ओसरीवर बायका कवंदी शिवत होत्या. आपल्या वाकळेसारखीच, जुन्या लुगड्यांची, सदऱ्यांची. पण शिवण कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्याकडे जाते. चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून छोटे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसली तर कवंदी नागडी, असं एक म्हातारी मला हसत म्हणाली. चार घड्यांतून सुई जाताना जो 'टुक' आवाज होतो तो मी पाऊण तास रेकॉर्ड केला.

दिग्दर्शकाने त्याच म्हातारीला विचारलं, "आजी, आफ्रिकेची आठवण येते का?" ती कोकणीत म्हणाली, "आफ्रिका खंय आसा?" आणि मग, माझं माहेर यल्लापूर.

हे अख्खं कापलं. माझा 'टुक'ही गेला. तयार संग्रहातला कुठलातरी पश्चिम आफ्रिकेचा ढोल खाली चिकटवला. तर तिरकस, कॅमेरा काळ्यासावळ्या हातात असला तरी असं होतं.

सह्याद्रीचा वारा

डेसिबलताई, भारी लिहिलंत. ते सिद्दी म्हणजे आपल्या जंजिऱ्याचे हबशीच ना? शेतात कसे राबायला लागले? जंजिऱ्यावर काढा की कोणीतरी फिल्म!

श्यामला

'हबशीच ना'? आजच्या काळातही हा शब्द इतक्या सहज?

मुरुडकर

अहो ताई, त्यात शिवी काय आहे? हबश म्हणजे अबिसिनिया, तिथला तो हबशी. जंजिरा संस्थानाच्या मुलखाला जुन्या कागदांत हबसाणच म्हटलंय. सिद्दी हाही 'सय्यिदी'वरून आलेला, म्हणजे मानाचा शब्द. मलिक अंबर हबशी होता म्हणूनच सांगतात अभिमानाने. गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. इतिहास वाचा, मग चिडा.

आणि वारासाहेब, हल्याळचे सिद्दी आणि जंजिऱ्याचे नवाब यांची गल्लत करू नका. यांचे पूर्वज बरेचसे पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम, त्यांच्यातले काही रानात पळून गेलेले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, तिन्ही धर्मांचे आहेत. नवाबी १९४८ पर्यंत चालली ती आमच्या मुरुडला.

जंजिऱ्यावर फिल्म काढाल तर राजपुरीच्या होडीतली बडबड तेवढी घेऊ नका. तटाला होडी लागेपर्यंत दर सुट्टीला नवीन दंतकथा. कलालबांगडी तोफेचा पल्ला तर दरवर्षी मैलभर वाढतो. खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दींच्या कबरी, दोन पावलांवर आहेत, तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही.

श्यामला

व्युत्पत्ती तुमच्याकडेच ठेवा. मला पाचवीपासून दहावीपर्यंत वर्गात 'हबशीण' म्हणायचे. बाई ऐकायच्या आणि हसायच्या. एकाही पोराला अबिसिनिया नकाशात दाखवता आला नसता. आणि गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत एका सुदानी विद्यार्थ्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय निघाला. सेक्रेटरी काय म्हणाले? "हबशी नको बुवा, पोरीबाळी आहेत." तिथे हबसाणाचे जुने कागद घेऊन येणार होतात का?

मुरुडकर

सभेतल्या माणसाचा राग माझ्यावर कशाला? मी आयुष्यात कोणाला तसं म्हटलेलं नाही.

श्यामला

तुम्ही आत्ताच दोनदा लिहिलंत.

बाकावरचा

मी शेंगा घेऊन बसलोय. धागा अक्राहून निघाला होता, सध्या मुरुडच्या धक्क्याला लागलाय.

सह्याद्रीचा वारा

माझ्यामुळे एवढं होईल असं वाटलं नव्हतं. श्यामलाताई, माफ करा. इतिहासाच्या पुस्तकात होता तसा लिहिला.

मुरुडकर

मी शब्द इतिहासात वापरणार. सभेत वापरणाऱ्याचं थोबाड फोडायला मात्र तुमच्यासोबत येईन. एवढ्यावर भागवून घ्या.

श्यामला

उपकार झाले.

तिरकस

आता मूळ विषय. डेसिबल, तुमचा किस्सा माझ्याविरुद्ध आहे असं काका धरून चाललेत. नाही. आजीबाईंनी उत्तर दिलं होतं, ते कोणी कापलं? ज्याच्या हाती कात्री तो. कातडीचा मुद्दा मी ताणला, मान्य. पण रूशने शेवटी काय केलं? त्या मजुरांना दुसऱ्या दिवशी कामावर हसताना दाखवलं आणि सांगून टाकलं की ते या विधीमुळेच वेडाच्या इस्पितळात जात नाहीत. हे त्यांनी सांगितलं का? नाही.

जुना प्रेक्षक

म्हणजे शेवट पाहिलात तर!

तिरकस

काल रात्री घरी पाहिला. एकट्याने. कुत्र्याचं पुढे ढकललं.

जुना प्रेक्षक

मजुरांच्या तोंडचं एक वाक्य असायला हवं होतं, हे मीही मान्य करतो. पण आपल्या अंगात येतं तेव्हा हा कॅमेरा यावा, ही इच्छा त्या हौका पंथाच्या लोकांची, म्हणजे त्या मजुरांचीच होती, असं रूश त्यातच सांगतो.

तिरकस

कोण सांगतो?

जुना प्रेक्षक

...बरं, रूश.

डेसिबल

एक सुचवू का? पुढच्या महिन्यात तोच पुन्हा लावा, पण आवाज पूर्ण बंद करून. मी माझा पाऊण तासाचा 'टुक' घेऊन येते, तो वेगळा ऐकवू. आणि नंतर व्हिएराचा. त्यात सुरुवातीला नदीत डुंबणारी पोरं आहेत, ती मला परत बघायचीत.

मुरुडकर

डेसिबलताई, ती कवंदी विकत मिळते का हो? आमच्या हिची वाकळ फाटलीये.

डेसिबल

मिळते. पण फुला मोजून घ्या, चार.

तिरकस

आवाज बंद असेल तर येतो. कुत्र्याच्या वेळी बाहेर उभा राहीन, चपला आधीच घालून बसेन.