ब्यूटचं ‘पेकिन नूडल पार्लर’ इतकं कसं टिकलं?

प्रश्न: मोंटानातल्या ब्यूटचं हे चिनी हॉटेल १९११ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. अमेरिकेने तर १८८२ पासूनच चिन्यांना दार बंद केलेलं. मग?

उत्तर १: तांब्याच्या खाणींमुळे गाव फुगत होतं. पाळी संपवून आलेल्या खाणकामगाराला गरम जेवण हवंच.

उत्तर २: एवढंच नाही. मनाई मजुरांना होती, व्यापाऱ्यांना नव्हती. १९१५ मध्ये न्यायालयाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानलं, आणि त्याला नातलग आणायची वाट सापडली. माझ्या मते अशा घरच्या हॉटेलांचं मूळ त्या निकालात आहे. कायदा गेला थेट १९४३ मध्ये!

प्रश्नकर्ता: वाचून गलबललो. जिना चढून वर गेलं की ते नारिंगी लाकडी आडोसे. फोटोत कितीदा पाहिलेत. आता वेगळेच दिसतील.