मदत हवी आहे: दुखणं सांभाळून चवथीची (गणेश चतुर्थीची) कामं कशी करायची?

मंडळी नमस्कार, मी फोंड्याची, वय ४६. चार वर्षं झाली, कंबर नि खांदे कायम दुखतात, डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार, सांगितलाय. दुखणं ३ महिन्यांच्या वर टिकलं की क्रॉनिक, म्हणजे जुनाट, धरतात म्हणे, माझं तर कधीच त्यात गेलं.

माझं व्हायचं काय, जरा बरं वाटलं की त्या दिवशी भांडी, कपडे, अंगण सगळं एकदम काढायचे नि मग दोन दिवस उठवायचं नाही. फिजिओ म्हणाल्या हेच चक्र तोडायचं, पेसिंग करा, म्हणजे दुखायला लागायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून आधीच बसायचं, मला २० मिनिटं उभं राहवतं तर १५ वर टायमर, आणि चांगल्या दिवशीपण तेवढंच, वाढवायचं ते अगदी हळूहळू. खरंच फरक पडलाय, झोपसुद्धा लागते आता.

पण चवथ आली ना. माटोळी (गणपतीवर बांधायची फळं-भाज्यांची सजावट), नेवऱ्या (करंज्या), पाहुणे, आणि मध्येच टायमर वाजला की मी उठून जाते ते सासूबाईंना पटत नाही. त्या वाईट नाहीत हो, आयुष्यभर सगळं अंगावर काढलंय त्यांनी, त्यांना वाटतं काम केलं की अंग मोकळं होतं. नुसतं झोपून राहू नये हे मलापण माहितेय.

सणाच्या दिवसांत कुणी हे जमवलंय का? कामं किती दिवस आधीपासून वाटून घेता? घरच्यांना नेमकं काय सांगितलंत? औषधं चालू आहेत, ती सुचवू नका प्लीज, रोजचं कसं निभावता तेवढं सांगा.