महाग होतं ते कार्ड नव्हे, चॅनेल

आयबीएमच्या मेनफ्रेमला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला, लॅन (ऑफिसातल्या पीसींचं जाळं) जोडणं पूर्वी महाग पडायचं. ‘आयबीएमची मक्तेदारी होती म्हणून’ असं त्याचं कारण सांगतात, ते अर्धंच खरं वाटतं. मेनफ्रेमला कार्ड खोचायला स्लॉट नव्हताच. आत जायचं तर चॅनेलमधून, म्हणजे बस आणि टॅग या जाडजूड केबलच्या जोडीतून. पलीकडे फ्रंट-एंड प्रोसेसर (मेनफ्रेमच्या वतीने बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा संगणक) किंवा आयबीएमच्या ३१७२सारखा वेगळा कंट्रोलर हवा, तोच पुढे इथरनेट किंवा टोकन रिंग या प्रकारच्या लॅनशी बोलणार. म्हणजे जोडणी करायला आणखी एक संगणकच विकत घ्यायचा! वर सॉफ्टवेअर. एमव्हीएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं शुल्क मशीनच्या क्षमतेच्या गटावर ठरायचं, त्यामुळे लॅनवर दहा पीसी असोत की शंभर, मोठ्या मशीनवाल्याला मोठंच बिल.

म्हणूनच एक पळवाट चालली. १९८२ मध्ये डीसीए कंपनीचं इर्मा कार्ड आलं, किंमत साधारण १,२०० डॉलर. ते पीसीत बसवलं की मेनफ्रेमला वाटायचं, समोर ३२७० टर्मिनलच (मेनफ्रेमला जोडायचा आयबीएमचा पडदा-कीबोर्ड) आहे. टर्मिनलची तीच जुनी कोॲक्स केबल, मेनफ्रेमच्या बाजूला काहीच बदल नाही. पुढे गेटवे आले, एका पीसीमार्फत लॅनवरच्या बाकीच्यांना मेनफ्रेमची सेशन वाटायचे. फक्त मिळायचा तो टर्मिनलचा, नुसत्या अक्षरांचा हिरवा पडदाच. फाइल न्यायची तर ती टर्मिनलच्या त्याच वाटेने, ताटकळत. सध्या लॅनशी जोडणारं ओएसए कार्ड थेट मेनफ्रेममध्येच बसतं, त्यामुळे निदान तो मधला डबा तरी गेला. सॉफ्टवेअरच्या बिलाचं मात्र विचारू नका.