दुपारची झोप म्हणजे आळस? माश्या-मांजरांचं काय म्हणणं आहे बघा

बांगडाप्रेमी, मालवण:
जेवून दोन तास ताणून दिली की घरात लगेच आळशी म्हणून शिक्का, त्यात मुंबईचे पाहुणे असले तर बघायलाच नको. अरे पण जास्त झोपेने नुकसान होतं असं कुठल्या प्राण्यात दिसलंय? २०१८ मध्ये फळमाश्यांवर काम झालं, कमी झोपणाऱ्या माश्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये (म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिडंट शरीरात वाढले की) लवकर मरत होत्या आणि ज्यांची झोप मुद्दाम वाढवली त्या जास्त तग धरत होत्या. २०२० मध्ये हार्वर्डवाल्यांनी माश्यांना झोपूच दिलं नाही, तर घातक ऑक्सिडंट साठले कुठे? मेंदूत नाही, आतड्यात! अँटिऑक्सिडंट दिल्यावर त्या जगल्या.

रापणवालो, वेंगुर्ला:
मगे अँटिऑक्सिडंट म्हणान सोलकढी पियान जागे ऱ्हवया, झोप कित्याक होयी? 😄
आणि तो फ्रिगेटबर्ड नावाचा समुद्री पक्षी, पावसाळ्यात वादळात कधीतरी आपल्या किनाऱ्यावर भरकटून येतो तो. पॅसिफिकमधल्या गॅलापॅगोस बेटांवर मोजलं तर दिवसेंदिवस उडताना दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपतो. कुठे मरतो तो?

बांगडाप्रेमी:
जमिनीवर उतरला की तोच पठ्ठ्या बारा तासांच्या वर झोपतो, हे सोयीस्करपणे गाळलंत.

बीएस्सीझुऑलॉजी, रत्नागिरी:
दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय. झोपेची थकबाकी फेडणं वेगळं आणि भरलेल्या खात्यात अजून टाकणं वेगळं. जागेपणी मेंदूच्या पेशी एनर्जी जाळतात तसं अडिनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साचत जातं, १९९७ मध्ये मांजरांच्या मेंदूत ते प्रत्यक्ष मोजलं, बराच वेळ जागं ठेवलं की वाढतं, झोपू दिलं की उतरतं. चहा-कॉफी त्याच अडिनोसिनची जागा अडवते म्हणून तरतरी वाटते, साठा काही कमी होत नाही. आणि "झोपेत मेंदू धुतला जातो" हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, ते २०१३ च्या उंदरांवरच्या कामातून आलं, झोपेत मेंदूच्या दोन पेशींच्या मधली, घाण वाहून नेणारी जागा सुमारे ६० टक्के वाढली म्हणे, पण २०२४ मध्ये दुसऱ्या टीमला उंदरांतच उलट दिसलं, झोपेत सफाई मंदावली. तेव्हा त्यावर एवढी छाती ठोकू नका.

रापणवालो:
ह्याच सांगतंय मी! आम्ही पहाटे तीनला होडी घालतो, हातात दोर, डोळ्यात मीठ, लिलाव आटपून घरी येईतो ऊन डोक्यावर. आम्ही दुपारी निजलो तर हिशोब बरोबर बसतो. तू रात्री आठ तास घोरून वर परत दोन तास? तुझी खयची थकबाकी? धडधाकट प्राण्याची झोप वाढवून फायदा झालेला एक तरी दाखव.

बांगडाप्रेमी:
दाखवतो. २०११, परत फळमाश्याच, एकदम नॉर्मल. नर माश्यांना असं ट्रेनिंग दिलं की एरवी ते थोड्या वेळात विसरायला होतं. मग मेंदूतल्या झोप आणणाऱ्या पेशी चालू करून लगेच झोपवलं तर तीच आठवण दीर्घकाळ टिकली. पेशी चालू ठेवून झोपू दिलं नाही तर फायदा गायब. म्हणजे काम झोपेनेच केलं ना?

बीएस्सीझुऑलॉजी:
हे मात्र मान्य. फक्त ती झोप ट्रेनिंगनंतर लगेच होती, हे लक्षात ठेवा.

रापणवालो:
मगे ती माशी शिकान निजली. तू जेवल्यावर निजतंस, शिकतंस काय?